देवाचं का बाईचं? बाबांसोबत मेम्फिसचे चार दिवस

इकडे आईबाबा आले की नायगारा, शिकागो आणि जमलं तर डिस्ने हे ठरलेलंच असतं, आमचं ते सगळं मागच्या खेपेलाच उरकलं होतं. ह्या वेळी आई पुण्याला भावाच्या बाळात अडकलेली आणि बाबा एकटेच सहा महिने सेंट लुईसला माझ्याकडे, त्यामुळे ऑक्टोबर येईपर्यंत त्यांचं घरातलं सगळं बघून झालेलं, अगदी डिशवॉशरचं मॅन्युअलसुद्धा. बाबा अकोला जिल्ह्यातले, आधी शेती, मग जिनिंगमध्ये मुनीम आणि ह्या सगळ्याच्या वर चाळीसेक वर्षं गावच्या भजनी मंडळात पेटी. गळ्यात माळ आहे, म्हणजे मटण-मासे सोडा, अंडंही नाही.

झालं असं की मी स्वयंपाक करताना फोनवर ॲल ग्रीन लावते, १९७० च्या दशकात गाजलेला इथला काळा गायक. इकडे पहिल्या नोकरीत एक जण मला त्याच्या गाडीतून ऑफिसला सोडायचा, त्याच्याकडून हे वेड लागलं ते बारा वर्षं सुटलं नाही. एकदा बाबा ओट्याजवळ लसूण सोलत बसले होते, दोन गाणी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "हे देवाचं हाये का बाईचं?" मी म्हटलं पहिलं बाईचं, दुसरं देवाचं. तर म्हणे, "मंग आवाज काहून सारखाच लावते हा माणूस?" आता ह्याला दोन वाक्यात काय उत्तर देणार. मी म्हटलं चला, मेम्फिसला जाऊन दाखवते, त्याचं गाणं घडलं ते गाव. शुक्रवारची सुट्टी टाकली, नवऱ्याला घरी ठेवलं (त्याला हे संगीत झोपेचं औषध वाटतं), पन्नास पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा बांधला आणि निघालो.

गुरुवार

अर्धा दिवस ऑफिस करून निघालो. आय-५५ पकडून सरळ दक्षिणेला, साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, रस्ता एकदम कंटाळवाणा. पण सायक्सटन मागे पडलं की जमीन अचानक तव्यासारखी सपाट होते आणि मग दोन्ही बाजूंना पांढरंच पांढरं. मला माहीत होतं इकडे कापूस होतो, पण ऑक्टोबरात ह्या रस्त्याने मी कधी आले नव्हते. बाबा एकदम ताठ बसले. "थांबव, थांबव." हायवेवर कुठे थांबवणार, पुढच्या एक्झिटला उतरून एका शेताच्या बांधाशी गाडी लावली. एक प्रचंड मशीन पऱ्हाटीच्या ओळींवरून चालत होतं आणि थोड्या थोड्या वेळाने मागून गुलाबी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, आपल्या न्हाणीघराएवढा कापसाचा गोल गठ्ठा अंडं घातल्यासारखा टाकत होतं. बाबांनी बांधावरचं एक बोंड उकललं, धागा बोटांत ओढून बघितला, सरकी चाचपली. मग बराच वेळ नुसते उभे. "वेचणारं एक बी माणूस नाही," म्हणाले. "एवढ्या वावरात शंभर बाया लागल्या असत्या आपल्याकडे."

तिथेच मी त्यांना सांगायला सुरुवात केली, कारण ॲल ग्रीनची गोष्ट ह्या शंभर माणसांपासूनच सुरू होते. आर्कान्सा राज्यात त्याचे वडील रॉबर्ट ग्रीन बटईने शेती करायचे. गुलामी १८६५ ला कायद्याने संपली पण जमीन गोऱ्या मालकाचीच राहिली, बी-बियाणं, अवजारं, किराणा सगळं मालकाकडून उधार आणि वर्षाखेरीला अर्धा कापूस देऊन वर वहीत बाकी उरलेलीच. बाबांना ही वही समजावून सांगावी लागली नाही. उलट त्यांनीच मला सांगितलं की अमेरिकेत गुलामीवरून ती यादवी लढाई चालू होती तेव्हा इथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि आपल्याकडे भाव आभाळाला भिडला, मुंबईचे शेठ त्यावरच मोठे झाले, वऱ्हाडात सगळीकडे कापूस आला, खामगावला १८७० साली रेल्वेचा फाटा आला तोही कापसासाठीच. लढाई संपल्यावर भाव कोसळला हे सांगताना तर त्यांच्या आवाजात कालच नुकसान झाल्यासारखा सूर. इकडे मग हे असं मशीन आलं, वेचणाऱ्या हातांची गरज संपत गेली आणि लाखो काळी कुटुंबं उत्तरेच्या शहरांकडे निघाली, त्यातच ग्रीन मंडळीही १९५० च्या दशकाच्या शेवटी मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्सला गेली.

अंधार पडता पडता आय-४० च्या पुलावरून मिसिसिपी ओलांडली. मेम्फिसच्या काठावर चकचकीत भला मोठा पिरॅमिड आहे, इजिप्तच्या मेम्फिसवरून गावाचं नाव म्हणून तो बांधला आणि आता त्यात शिकारीच्या सामानाचं दुकान आहे. बाबा म्हणाले, "पैसा जास्त झाला की माणूस असंच करते." हॉटेलात पोळी-चटणी खाल्ली. बील स्ट्रीटवर एक चक्कर मारली, निऑन दिवे, दर दाराआडून वेगळा बँड, बियरचा वास, वीस मिनिटांत परत. ज्यांना आवडतं त्यांना आवडो.

शुक्रवार

आज परत नदी ओलांडून उलटं आर्कान्सात, फॉरेस्ट सिटीला, पाऊण तासाचा रस्ता. १३ एप्रिल १९४६ ला ॲल्बर्ट ग्रीन इथे जन्मला, दहा भावंडांत सहावा. आडनावात तेव्हा शेवटी आणखी एक ई होता, तो नंतर त्यानेच काढून टाकला.

ह्या गावाच्या नावाचा जंगलाशी काही संबंध नाही, मला इतकी वर्षं तसंच वाटायचं. हे नाव नेथन बेडफर्ड फॉरेस्टवरून आहे. हा मेम्फिसमधला गुलामांचा व्यापारी, माणसं विकत घेऊन विकायचा, मग यादवी युद्धात दक्षिणेचा जनरल झाला आणि युद्धानंतर कू क्लक्स क्लानचा, म्हणजे काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या टोळीचा, पहिला प्रमुख. इथल्या टेकाडावरून, क्राउलीज रिज म्हणतात त्याला, रेल्वे टाकायचं काम त्याने घेतलं होतं म्हणून गावाला त्याचं नाव. मेम्फिसमधला त्याचा पुतळा २०१७ च्या डिसेंबरमध्ये हलवला, गावाचं नाव मात्र आहे तसंच. म्हणजे जगातला सगळ्यात मुलायम आवाज ज्या गावात जन्मला त्या गावाची पाटी एका गुलाम विकणाऱ्याच्या नावाची. मी हे गाडीत सांगितलं तर बाबा काही बोलले नाहीत, फक्त पाटी जवळ आल्यावर चष्मा लावून वाचली.

गावात 'पाहण्यासारखं' म्हणून मी काही यादी केली नव्हती आणि जन्मघर वगैरे शोधायलाही गेले नाही. नुसतं फिरलो. रेल्वेचे रूळ, बंद दुकानं, दर दोन गल्ल्यांनंतर एक चर्च. छोटी, बैठी, विटांची चर्चं, बाहेर पाटीवर हलवता येणारी अक्षरं. बाबांनी मोजायला सुरुवात केली आणि चौदा झाल्यावर सोडून दिलं. "आपल्याकडे मारोतीची देवळं असतात तशी हायेत."

एका गॅस स्टेशनसमोर बाकावर चहा घेत बसलो (थर्मासमधला, इकडचा नाही) तिथे मी पुढची गोष्ट सांगितली. वडील धार्मिक, मुलांचा गॉस्पेलचा, म्हणजे चर्चमधल्या देवाच्या गाण्यांचा, चमू केला होता, ग्रीन ब्रदर्स, त्यात हा दहाएक वर्षांचा असल्यापासून गायचा आणि गावोगावच्या चर्चमध्ये त्यांचा कार्यक्रम व्हायचा. मिशिगनला गेल्यावर पोरगा मोठा झाला, त्याला जॅकी विल्सनच्या रेकॉर्डचं वेड लागलं. जॅकी विल्सन म्हणजे स्टेजवर गुडघे टेकून, घाम गाळून प्रेमाची गाणी गाणारा. बापाच्या लेखी ते सैतानाचं संगीत. एक दिवस रेकॉर्ड ऐकताना सापडला आणि बापाने त्याला घराबाहेर काढलं.

बाबा हसायला लागले. मला वाटलं ऐकूच नाही आलं त्यांना नीट. मग त्यांनी जे सांगितलं ते मी एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची, आजोबांच्या घरात रेडिओ नव्हताच, म्हणून बाबा जिनिंगच्या चौकीदाराच्या खोलीत जाऊन ऐकायचे. एकदा त्यातली एक चाल मंडळाच्या पेटीवर हळूच काढून बघत होते आणि मागे आजोबा उभे. सहा महिने पेटीला हात लावू दिला नाही. "घराबाहेर नाही काढलं, पण सहा महिने टाळ कुटत बसलो मांगच्या रांगेत." आणि मग, चहाचं झाकण लावता लावता, एकदम खालच्या आवाजात, जसं काय आजोबा अजून ऐकतायत, "ते मी गौळण म्हणतो ना एकादशीले, सारे डोलतात ते, तिची चाल तीच हाये."

मी बघतच राहिले. चाळीस वर्षं अख्खं गाव बिनाकाच्या चालीवर विठ्ठलाला आळवतंय! आणि हे काही एकट्या बाबांचंच नाही, कुठल्याही भजनी मंडळात जा, अर्ध्या चाली नाट्यसंगीताच्या आणि उरलेल्यातल्या निम्म्या पिक्चरच्या. इथे काळ्या लोकांच्या चर्चमध्ये उलटं झालं, देवाच्या चालींमध्ये देवाच्या जागी 'बेबी' घातलं की झालं सोल संगीत. रे चार्ल्सने १९५४ मध्ये तेच केलं तर चर्चवाले खवळले, सॅम कुक गॉस्पेल सोडून गेला तर त्याचेच चाहते रुसले. एकाला दुसऱ्याची चाल चालते, फक्त कबूल करायचं नसतं.

शनिवार

सकाळी एका डायनरमध्ये गेलो. माळकरी माणसाला मेम्फिसमध्ये खायला घालणं हा वेगळाच प्रकल्प आहे, सगळं गाव डुकराच्या बरगड्यांच्या धुरात, पालेभाजी मागितली तर तीही डुकराच्या तुकड्यासोबत शिजवलेली. शेवटी मेनूवर ग्रिट्स दिसले. बाऊल आला, पांढरा, वाफाळता, मध्ये लोण्याचा तुकडा वितळतोय. बाबांनी एक चमचा घेतला आणि चेहरा असा उजळला की विचारू नका. "अवं, कण्या हायेत ना ह्या! मक्याच्या कण्या!" आणि खरंच कण्याच, ज्वारीऐवजी मका, भरड दळून पाण्यात रटरट शिजवलेला. दोन बाऊल खाल्ले, वर ठेच्याची पुडी उघडली. वाढणारी बाई ठेच्याकडे बघत होती म्हणून तिला बोटभर चाखायला दिला, ती म्हणाली हे विकता का.

मला पंचाईत अशी की पुढची गोष्ट ह्याच बाऊलची होती. त्यांचं खाऊन होऊ दिलं, मगच सांगितली. १८ ऑक्टोबर १९७४. ॲल ग्रीन तेव्हा कीर्तीच्या शिखरावर, मेम्फिसमध्ये स्वतःचं घर. एक मैत्रीण घरी होती, तिला लग्न करायचं होतं, ह्याला नव्हतं. तो न्हाणीघरात असताना तिने उकळत्या ग्रिट्सचं भांडं त्याच्या उघड्या पाठीवर ओतलं, आणि मग दुसऱ्या खोलीत जाऊन त्याच्याच पिस्तुलाने स्वतःला संपवलं. पाठ, पोट, हात सगळं भाजलं. बाबांनी चमचा ठेवला. "कण्या चिकटतात," एवढंच म्हणाले. ज्याने कण्या शिजवल्यात त्याला कळेल, पाणी ओघळून जातं, कण्या नाही जात.

लोक गोष्ट अशी सांगतात की ह्या प्रकारानंतर तो घाबरून पाद्री झाला. मला ते फार सोपं वाटतं, आणि त्या बिचाऱ्या बाईला नुसतं एका पुरुषाच्या गोष्टीतलं वळण करून टाकण्यासारखं. तो स्वतः तर सांगतो की त्याला साक्षात्कार त्याआधी, १९७३ मध्येच झाला होता, कॅलिफोर्नियात एका शोनंतर मध्यरात्री जाग आली आणि तो ओरडून देवाचं नाव घ्यायला लागला, स्वतःलाच थांबवता येईना. म्हणजे १९७४ च्या आधीपासूनच आत ओढाताण चालू होती आणि त्याच ओढाताणीत तो प्रेमाची गाणी गात होता.

तिथून साउथ मेम्फिसमध्ये स्टॅक्स ह्या सोलच्या रेकॉर्ड कंपनीचं म्युझियम. ॲल ग्रीन स्टॅक्सचा नाही, तो हाय रेकॉर्ड्स ह्या दुसऱ्या कंपनीचा, पण दोन्ही एकाच वस्तीतले, आणि इथला ड्रमर अल जॅक्सन ज्युनिअर दोन्हीकडे वाजवायचा. मूळ इमारत १९८९ मध्ये पाडली, २००३ मध्ये त्याच जागी तशीच परत उभारली. आत शिरल्या शिरल्या काय आहे माहितीय, एक अख्खं चर्च! १९०६ चं, मिसिसिपीतल्या एका खेड्यातलं खरंखुरं लाकडी चर्च उचलून आणून आत बसवलंय. सोल संगीताच्या म्युझियमची सुरुवात चर्चने, मी बाबांना म्हटलं बघा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ह्यांनी दारातच ठेवलंय. बाबा बाकावर बसले, जमीन पायाने ठोकून बघितली. लाकडी जमीन, पायाचा ठेका धरला की तीच ढोलकी. पुढे स्टॅक्सचा गायक आयझॅक हेज ह्याची सोन्याचा मुलामा दिलेली कॅडिलॅक गाडी आहे, आत फर, ती बघून बाबा म्हणाले ह्यापेक्षा चर्च बरं.

दुपारी लॉरेन मोटेल, ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंगला जिथे गोळी लागली, खोली क्रमांक ३०६. सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला ते आले होते. आता नागरी हक्कांचं म्युझियम आहे. ह्याबद्दल इथे लिहीत नाही, तो विषय प्रवासवर्णनाच्या एका परिच्छेदात मावत नाही. बाबा गॅलरीवरच्या हाराकडे बघत उभे राहिले आणि गांधीजींचं नाव आत कुठे कुठे आहे ते मला दाखवत फिरले.

आणि मग माझं देऊळ, रॉयल स्टुडिओज, ॲल ग्रीनची हाय रेकॉर्ड्सची गाणी रेकॉर्ड झाली ती जागा. रस्त्याचं नाव आता विली मिचेल बुलेवार्ड. आत जायचं तर आधी विचारून वेळ घ्यावी लागते, तो चालता स्टुडिओ आहे, मी सगळं प्लॅन केलं आणि हेच विसरले, स्वतःला खूप शिव्या दिल्या. बाहेरून बघाल तर गोडाऊन. आधी हे सिनेमाचं थिएटर होतं, म्हणून आतली जमीन उतरती आहे, खुर्च्या काढल्या पण उतार तसाच ठेवला आणि लोक म्हणतात हाय रेकॉर्ड्सच्या आवाजात त्या उताराचा वाटा आहे. विली मिचेल हा ट्रम्पेट वाजवणारा, बँडवाला आणि निर्माता. १९६९ च्या सुमारास टेक्ससमधल्या मिडलंड गावी त्याला ॲल ग्रीन भेटला, तोवर एकच बऱ्यापैकी हिट गाणं झालेलं आणि खिशात दमडी नाही. मिचेल म्हणाला मेम्फिसला चल, दीड वर्षात तुला स्टार करतो. हा म्हणाला एवढा वेळ माझ्याकडे नाही. मग कर्ज फेडायला दीड हजार डॉलर घेऊन गेला तो गायबच झाला आणि काही महिन्यांनी एका भल्या पहाटे दारात उभा, मिचेलला आधी वाटलं घर रंगवणारा आलाय.

फुटपाथवर उभी राहून मी हे सांगतेय आणि बाबा भिंतीला हात लावून बघतायत. मला ह्यातला सगळ्यात आवडता भाग असा की ॲल ग्रीन तेव्हा जोरात गायचा, ओटिस रेडिंग, विल्सन पिकेट सगळे दणदणीत गाणारे, त्यालाही तसंच वाटायचं की जीव ओतायचा म्हणजे ओरडायचं. मिचेल त्याला सांगायचा, हळू गा. आणखी हळू. तुझ्यासारखा गा. भांडणं व्हायची म्हणे. ९ नंबरचा एक मायक्रोफोन फक्त त्याच्यासाठी राखून ठेवलेला. मागे तिघे हॉजेस भाऊ, टीनी गिटारवर, लिरॉय बेसवर, चार्ल्स ऑर्गनवर, आणि ड्रमवर हॉवर्ड ग्राइम्स किंवा अल जॅक्सन. त्यातून जे निघालं ते १९७२ च्या फेब्रुवारीत 'लेट्स स्टे टुगेदर' म्हणून देशात एक नंबरला गेलं. मी फोनवर तिथेच ते लावलं, त्याच भिंतीला फोन टेकवून. तो सूर चढवायच्या जागी चढवत नाही, कुजबुजीत नेतो, आणि मग अचानक पातळ खोट्या आवाजात वर जातो. बाबांनी डोळे मिटले. "हा माणूस माइकजवळ गात नाही, कानाजवळ गाते." आणि मग ठरलेला प्रश्न. मी म्हटलं बाईचं. "शंभर टक्के?" "शंभर टक्के." "हं."

रविवार

१९७६ मध्ये ॲल ग्रीनने मेम्फिसच्या दक्षिणेला हेल रोडवर चर्च घेतलं, फुल गॉस्पेल टॅबरनॅकल, आणि पाद्री झाला. तरी दोन-तीन वर्षं दोन्ही डगरींवर पाय होता. १९७७ चा 'द बेल अल्बम' त्याने मिचेलशिवाय स्वतःच केला, त्यातल्या मुख्य गाण्यात तो एका बाईला सांगतो की मन तुझ्याकडे ओढतं पण गरज मला त्याची, म्हणजे देवाची, आहे, मला हे त्याचं सगळ्यात प्रामाणिक गाणं वाटतं. मग १९७९ ला सिनसिनाटीत स्टेजवरून पडला, त्याने ती देवाची ताकीद मानली आणि प्रेमाची गाणी बंद. आता गंमत बघा, १९७० च्या दशकातल्या ज्या गाण्यांवर जग फिदा, त्यातल्या एकालाही ग्रॅमी नाही. एकूण अकरा ग्रॅमी आहेत, त्यातले आठ १९८० च्या दशकात, सगळे गॉस्पेलचे. प्रेमाकडे तो नंतर परत आला, २००३ मध्ये परत मिचेलसोबत रॉयलमध्येच रेकॉर्ड केलं आणि चर्चही सोडलं नाही.

तर आम्ही एल्विस प्रेस्लीच्या ग्रेसलँड बंगल्यावरून पुढे (तिथे बसेसची रांग, आम्ही थांबलो नाही) उजवीकडे हेल रोडला वळलो. झाडांची शांत वस्ती. बाबांनी पांढरा सदरा, काळी टोपी आणि बुक्का लावलेला, मी म्हटलं बाबा बुक्का, तर म्हणे देवाच्या दारी जातो ना.

आधी सांगून टाकते, रेव्हरंड ग्रीन त्या रविवारी नव्हते. मला रस्ताभर वाटत होतं असतील, असतील, आणि आत गेल्यावर दहा मिनिटांत कळलं नाहीत. पोटात खड्डा पडला. बाबांना फरक पडला नाही, त्यांच्या मते आषाढीला सगळ्यांना कुठे पाय धरायला मिळतात.

माणसं फार नव्हती. पांढऱ्या हातमोज्यातल्या बाईने आम्हाला जागा दाखवली, शेजारी मोठ्या जांभळ्या हॅटमधल्या आजी. त्यांनी बाबांच्या कपाळाकडे बघितलं, हसल्या आणि पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून दिली. पाहुण्यांनी उभं राहून सांगा कुठून आलात, तर आमच्याआधी दोन जण इंग्लंडचे, एक जपानचा, आणि मग बाबा उठून खणखणीत, "अकोला, महाराष्ट्र!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अकोला कुठे आहे हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

मग सुरू झालं. ऑर्गन, ड्रम, बेस, गिटार आणि आठ-दहा जणांचं क्वायर. उपदेश करणारे गृहस्थ आधी साधं बोलत होते, पण बोलता बोलता वाक्याच्या शेवटाला सूर लागायला लागला, प्रत्येक वाक्यानंतर ऑर्गन दोन सूर टाकणार, लोक मागून ओरडणार, पुढचं वाक्य आणखी वरच्या पट्टीत. बाबांनी माझा दंड धरला. "झील धरून राह्यले हे!" कीर्तनात बुवा थांबले की मागचे झीलकरी उचलतात ना, तस्संच. नंतर पाचेक मिनिटं एकच ओळ, तीच, तीच, लय वाढत वाढत, पुढे एक बाई रडत गोल फिरायला लागली, दोघींनी तिला हलकं धरलं पण थांबवलं नाही. बाबा टाळ्या वाजवत होते, इकडे टाळी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडते, आपली पहिलीवर, आजींनी त्यांचा हात धरून बरोबर जागेवर आणला. जमायला लागल्यावर बाबांचा चेहरा पाहायला हवा होता. "काळी चार," मला कानात सांगितलं. पट्टी.

रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताचे अभंग लिहिले ते आठवले मला तिथे बसल्या बसल्या, आणि हेही की आपली पेटीसुद्धा मूळची युरोपातली, मिशनरी मंडळींबरोबर आलेली.

संपल्यावर बाबा सरळ ऑर्गनपाशी. वाजवणारा पस्तिशीतला मुलगा, घामाने निथळत होता. बाबांनी मला विचारायला लावलं, भाता कुठे आहे? मी विचारलं. त्याला कळेना, मग मी हाताने भाता मारून दाखवला तेव्हा हसला, म्हणाला वीज आहे. त्याने दोन मजली पट्ट्या दाखवल्या, पायाखालच्या पट्ट्या दाखवल्या, मागच्या पेटाऱ्यात फिरणारा भोंगा, त्यानेच तो थरथरता आवाज येतो. बाबा खूप वेळ नुसते त्याचे हात बघत होते. मग मला म्हणाले, "दोन्ही हात मोकळे. आपला एक हात जलमभर भात्यातच जाते." त्या मुलाने बाकावर जागा केली. बाबांनी उजव्या हाताने एकच ओळ काढली, हळू, चाचपडत. डावा हात सवयीने हवेत भाता मारत होता. तीच गौळण. मुलाने दुसऱ्यांदा ऐकली आणि खालच्या पट्ट्यांवर तिच्या खाली असे काही सूर भरले की माझ्या अंगावर काटा आला. त्याने विचारलं, हे भजन आहे का? मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "हो म्हण."

दुपारी तीनला निघालो. परतीच्या रस्त्यात बाबांनीच खेळ काढला, मी गाणं लावायचं, त्यांनी फक्त आवाजावरून ओळखायचं देवाचं का बाईचं, एक शब्दही कळत नसताना. ब्लायदव्हिलपर्यंत सातपैकी तीन बरोबर. मग मी १९७४ चं 'टेक मी टू द रिव्हर' लावलं, त्याने टीनी हॉजेससोबत लिहिलेलं, सोडून गेलेल्या पोरीची तक्रार करत करत एकदम नदीत बुडवून पावन करायची विनवणी. बाबांनी ते दोनदा लावायला लावलं.

"हे मी नाही सांगत," म्हणाले.

सायक्सटनच्या अलीकडे आभाळ भरून आलं आणि काचेवर थेंब पडायला लागले. मी वायपर लावला. बाबांनी गाण्याचा आवाज कमी केला आणि खिडकीबाहेर बघत बसले, अजून न वेचलेल्या ओळी मैलोनमैल. "बोंडं भिजतील आता. पिवळा पडते कापूस." मग थोड्या वेळाने, "त्या मशीनवाल्याले सांगाले पाहिजे होतं."